स्वतःचा हिस्सा आणायचा कुठून?



गेल्या पावसाळ्यात शहाद्याच्या आपल्या सल्ला केंद्रावर एक ताई आल्या. मारहाणीची तक्रार नव्हती, पोटगीचीही नव्हती. ती प्रकरणे बारा वर्षांपूर्वीच संपली होती. पिशवीत बचत गटाचे पासबुक, अंगणवाडीच्या मानधनाचा दाखला आणि भाड्याची वही होती. घरमालक पावती देत नाही म्हणून दर महिन्याचे भाडे त्या स्वतःच वहीत लिहून ठेवतात. म्हणाल्या, "मला कुणाशी भांडायचं नाही. घर घ्यायचंय. बँक म्हणते, आधी तुमचा हिस्सा आणा. तो कुठून आणू?"

हिशेब साधा आहे. दोन खोल्यांचे जुने घर ९ लाखांना मिळत होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे ९० हजार रुपये घेणाऱ्याने घालायचे. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन. चावी हातात येण्याआधी सुमारे दीड लाख रोख हवेत. आणि ९० टक्के ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. घर जुने, उत्पन्न मानधनाचे, बाई एकटी, म्हणून शाखेत आकडा ८० टक्क्यांवर आला. वर सूचना मिळाली, "भावाची किंवा नवऱ्याची सही आणा."

याच ताईंनी अकरा वर्षे दरमहा ३ हजार रुपये भाडे भरले आहे. एकूण ३ लाख ९६ हजार. एकही महिना चुकला नाही. जी बाई अकरा वर्षे दुसऱ्याच्या घराचे पैसे वेळेवर भरते, ती स्वतःच्या घराचा हप्ता भरणार नाही असे कशावरून ठरले? पण वहीला बँकेच्या लेखी किंमत नाही.

बँक ज्याला 'स्वतःचा हिस्सा' म्हणते तो काटकसरीचा पुरावा आहे असे मानले जाते. आपल्या अनुभवात तो बहुधा वारशाचा पुरावा असतो. तरुण मुलगा घर घेतो तेव्हा पहिली रक्कम वडिलांच्या विकलेल्या शेतातून, आईच्या दागिन्यांतून किंवा सासऱ्याकडून येते. मुलीचा हिस्सा कुठे जातो? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळाला. पण तलाठी कार्यालयात वारसनोंद होते त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. या ताईंनीही केली. आज त्याच भावाची सही जामीन म्हणून आणायला त्यांना सांगितले गेले.

आदिवासी बहिणींची वाट याहून अवघड. हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. निकाल मोलाचा आहे, पण तो गावच्या पंचांपर्यंत नेण्याचे काम आपल्यालाच करायचे आहे.

शहाद्याला हिस्स्याचा प्रश्न नवा नाही. १९७२ साली इथे भिल्ल आदिवासींनी अंबरसिंग महाराजांसोबत, श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली, हातून गेलेल्या जमिनी परत मागितल्या. त्याच लढ्यातल्या बायकांनी दारूचे गुत्ते फोडले, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. तरी जमिनीच्या कागदावर नाव बहुतेक पुरुषाचेच राहिले. पुढे २००३ साली शासनाने 'घर दोघांचे' म्हणत घराच्या नोंदीत पत्नीचे नाव लावायचे ठरवले. चांगले झाले. पण जिला दोघांचे घर सोडावे लागले, तिच्या एकटीच्या घराचे काय?

सरकारी योजना आहेत. पण त्यांचा पैसा येतो केव्हा ते पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजावरचे १ लाख ८० हजारांपर्यंतचे अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. म्हणजे आधी कर्ज, मग मदत. स्वतः घर बांधणाऱ्यांचे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते, आणि त्यासाठी आधी स्वतःची जागा लागते. पहिल्या पायरीवर अडलेल्या बाईला दुसऱ्या पायरीवरची मदत काय कामाची?

मग पूर्ण शंभर टक्के कर्ज मागावे का? इथे आपण सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत २००८ च्या आधी पदरचा पैसा नसलेल्यांनाही सढळ हाताने घरकर्जे वाटली गेली आणि लाखो कुटुंबांची घरे जप्त झाली. कर्ज जास्त म्हणजे हप्ता जास्त. आणि पहिली रक्कम मंगळसूत्र गहाण टाकून किंवा मायक्रोफायनान्सकडून उचलून भरली, तर एका घरासाठी दोन हप्ते मानेवर बसतात. 'बिनाहिश्शाचे कर्ज' ही आपली मागणी नको. तिचा हिस्सा उभा कसा राहील, हा आपला प्रश्न हवा.

तो उभा राहू शकतो. शेजारच्या गुजरातमध्ये १९७४ साली कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपयांच्या भागभांडवलातून सेवा बँक काढली, आणि तिने बाईच्या बचतीची शिस्त हाच विश्वासाचा आधार मानला. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला बँक उभी राहिली. बायका निरक्षर म्हणून तिचा परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. 'उमेद'मधल्या गटांना १० लाखांपर्यंतचे कर्ज तारण आणि मार्जिनशिवाय द्यावे असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. गटातल्या दहा बायकांवर जी बँक मार्जिनशिवाय विश्वास ठेवते, तिला त्यातली एकटी बाई समोर आली की भावाची सही का आठवते?

म्हणून येत्या तीन महिन्यांत आपल्या गटांनी काही कामे हाती घ्यावीत. १० लाखांपर्यंतच्या घरासाठी मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च किमतीत धरून कर्ज ठरवण्याची मुभा बँकांना २०१५ पासून आहे. ती का दिली नाही, हे शाखेत लेखी विचारा. नकारही लेखीच मागा. भाडे आणि गटाची परतफेड हा पतीचा नव्हे, पतीचा आधार नसलेल्या बाईच्या पतपात्रतेचा पुरावा मानावा, असे निवेदन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला द्या. एकल स्त्रियांच्या पहिल्या रकमेसाठी बिनव्याजी निधी शासनाने उभारावा, ही मागणी लावून धरा. आणि कुठल्याही बहिणीसमोर हक्कसोडपत्र आले, तर सहीपूर्वी तिच्याशी एकदा बोला.

ते घर दुसऱ्याने घेतले. ताई अजून भाड्याच्या खोलीत आहेत. या महिन्यापासून मात्र त्या भाडे रोखीने देत नाहीत, बँक खात्यातून देतात. नोंद राहावी म्हणून.