तीन राजे सिल्क बोर्डला अडकले!



डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की बंगळुरूच्या ऑफिसांत एचआरचा मेल येऊन पडतो: 'आपापला विभाग सजवा, बक्षीस जिंका!' मग काय, जी टीम वर्षभरात एका मीटिंगला वेळेवर जमली नाही, तीच टीम संध्याकाळी सहाला कात्री आणि सेलोटेप घेऊन हजर! त्यात टीममध्ये एखादा मराठी माणूस असला, तर सगळे त्याच्याचकडे बघतात. बरोबरच आहे. गणपतीचं मखर, दिवाळीचा किल्ला, आकाशकंदील यांत आपलं लहानपण गेलं. चांदणीचा कंदील तर दिवाळीत उतरवून नाताळात पुन्हा टांगला तरी चालतो.

आयडिया सांगण्याआधी एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनं थर्माकोलचे बारीक गोळे पसरून काश्मीर उभं केलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं, केक कापला, फोटो काढले आणि सगळे सुट्टीवर गेलो. परत आलो, तर साफसफाईच्या अक्का गुडघ्यांवर बसून टेबलाखालचे गोळे वेचत होत्या. ते झाडूलाच चिकटत होते, त्यामुळे झाडून निघेनात. मला बघून त्या हसल्या आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मॅडम, तुमचा बर्फ कधी वितळणार?" खरं सांगते, तो केक मला तेव्हा पचला नाही.

आता तर सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. आणि जिथं स्वेटरसुद्धा जेमतेम दोन महिने बाहेर निघतो, त्या बंगळुरूत बर्फ हवा कशाला? आपल्याच ऑफिसातलं सामान वापरा आणि आपल्यालाच हसा. या घ्या पाच आयडिया.

१. मेलेल्या चार्जरचं झाड
प्रत्येक ऑफिसात एक खण असा असतो, ज्यात बंद पडलेले माउस, चार्जर आणि कशाच्या आहेत ते कुणालाच न आठवणाऱ्या वायरी असतात. आयटीवाल्यांना विचारून तो खण रिकामा करा. भिंतीवर वायरींनी झाडाचा आकार करा, त्यावर माउस लटकवा. शेंड्यावर चांदणीऐवजी लुकलुकणारा जुना राउटर. खाली पाटी: 'नेट गेलं तर या ताऱ्याकडे बघून प्रार्थना करा.' स्पर्धा संपली की सगळं ई-कचऱ्याच्या डब्यात टाका, परत खणात नाही!

२. चार वाजता पानगळ
सगळ्यांचे चहा-कॉफीचे मग पायऱ्यांच्या मांडणीवर झाडासारखे रचा. सकाळी झाड डेरेदार. चार वाजले, कॉफीची वेळ झाली, की एकेक मग उचलला जातो आणि झाडाला टक्कल पडतं. परीक्षकांना तीनच्या आत बोलवा. दोघांत एक 'बाय-टू' कॉफी घेणाऱ्यांमुळे थोडी पानं वाचतात.

३. रुडॉल्फ, ४ मिनिटं
लाल नाकाचा रेनडिअर रुडॉल्फ मुळात ऑफिसच्या कामातूनच जन्मला, हे माहीत आहे का? १९३९ साली अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी वॉर्ड कंपनीनं आपल्या जाहिरात विभागातल्या रॉबर्ट मे यांना नाताळात मुलांना वाटायला एक गोष्ट लिहायला सांगितली. त्या गोष्टीतला हा रुडॉल्फ. तेव्हा एका मोठ्या पुठ्ठ्यावर कॅबचं ॲप काढा: 'चालक: सांता. वाहन: रुडॉल्फ. ४ मिनिटांत पोचेल.' दर तासाला कुणीतरी जाऊन आकडा बदलायचा. चारचे सहा, सहाचे पुन्हा चार. संध्याकाळी लिहा: 'चालकाने फेरी रद्द केली.'

४. सांताला पत्र
चिकट चिठ्ठ्यांवर मागण्या लिहा: न करकरणारी खुर्ची, शुक्रवारी पाचनंतर न येणारा मेल. शेजारी सांताचं उत्तर: 'आपली विनंती मिळाली. पुढच्या तिमाहीत विचार करू.' अट एकच: कुणाचं नाव नको, कुणाच्या रंगरूपावर, भाषेवर विनोद नको.

५. तीन राजे सिल्क बोर्डला
ही माझी सगळ्यात लाडकी. बाळ येशूच्या जन्माचा देखावा म्हणजे गोठा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचिओ गावात संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणून असा देखावा उभा केला. गोव्यात, वसईत आजही घरोघरी गोठा मांडतात. त्यात पूर्वेकडून सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेले तीन राजेही असतात. पण राजांचा सण ६ जानेवारीला! एवढा उशीर का? बंगळुरूकरांना लगेच कळेल. होसूर रोड आणि आउटर रिंग रोड जिथं भेटतात, त्या सिल्क बोर्डच्या चौकात ते अडकले!

पाण्याच्या बाटल्यांना रंगीत कागद गुंडाळून राजे करा. मध्ये खेळण्यातल्या गाड्यांची रांग लावा. रोज राजांना वीतभर पुढे सरकवा. गळ्यात व्हिजिटर पास: 'भेटीचं कारण: बाळ बघायला.' सहा तारखेला राजे पोचले की देखावा उतरवायचा.

मात्र एक करा. टीममधल्या ख्रिस्ती सहकाऱ्याला आधी विचारा. आपल्या मखरात गणपतीचं जे स्थान, तेच त्यांच्या गोठ्यात बाळाचं. हसायचं ते ट्रॅफिकला. बाळ आणि आई यांना तसंच राहू द्या. बहुतेक वेळा तो सहकारी गोठा नीट कसा मांडायचा ते स्वतःच दाखवतो. आम्हाला तर इतकी वर्षं त्याला विचारायचं सुचलंच नव्हतं! नाताळ त्याचा, आणि सजावट ठरवणार आम्ही.

आता थोडे नियम
मेणबत्त्या नकोत. छतावरच्या पाण्याच्या फवाऱ्यांना काही टांगू नका. आगीच्या वेळच्या दारासमोर झाड उभं करू नका. निघताना दिव्यांची माळ बंद करा. आणि सगळ्यात मोठा नियम: जी टीम लावेल, तीच काढेल.

आमच्याकडे आता हा नियम स्पर्धेच्या मेलमध्येच असतो. शिवाय परीक्षकांत साफसफाईच्या अक्का असतात. वीसपैकी पाच गुण त्यांच्या हाती, 'किती कचरा झाला' यासाठी. गेल्या वर्षी चमकीचा चुरा उडवणाऱ्या टीमला त्यांनी शून्य दिलं आणि वर झाडूही दिला.

तुमच्या ऑफिसात यंदा काय करणार? घरच्या मुलांनाही विचारा, त्यांच्या डोक्यातून आपल्यापेक्षा भन्नाट काही निघेल.

नाताळच्या खूप शुभेच्छा! आणि हो, राजांना रोज पुढे सरकवायला विसरू नका.