आधी आपला उंबरठा

सरकारी कागदपत्रे मराठीतून मिळावीत म्हणून बेळगावात आपण वर्षानुवर्षे झगडतो आहोत. संख्येने थोडे म्हणून आम्हाला डावलू नका, हेच आपले म्हणणे. मग पाहुणे आले की घरातल्या अपंग मुलाला आतल्या खोलीत बसवताना, बहिणीचे स्थळ मोडेल म्हणून त्याचा उल्लेख टाळताना हा न्याय कुठे जातो? १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्याने ते २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. मात्र घरचा आणि मंडळाचा दरवाजा कायदा उघडू शकत नाही. मंडळांनी सभागृहाला रॅम्प बांधावा, कार्यकारिणीत अपंग सभासद घ्यावा. येत्या वार्षिक सभेत तसा ठराव यावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.