आजीच्या ताटाकडे कोण पाहतो?



वडीलधाऱ्यांचा आदर करावा, ही शिकवण आपल्याला बालपणापासून मिळते. सणावारी आपण आजी-आजोबांच्या पाया पडतो, आशीर्वाद घेतो आणि आपले कर्तव्य पुरे झाले असे मानतो. परंतु ज्या पायांवर आपण मस्तक ठेवतो, ते पाय उद्या त्यांचा भार पेलतील की नाही, याची चिंता आपण कितीशी वाहतो? म्हातारपणी हाडे ठिसूळ होणे हा सर्वस्वी वयाचा दोष नव्हे. त्यात घरच्या ताटाचाही वाटा आहे आणि त्या ताटाची जबाबदारी साऱ्या घराची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरच्याच एका प्रसंगाने मला हे शिकविले. काही वर्षांपूर्वी चवथीला चार दिवस उरले असताना, भर पावसात, अंगणातून पडवीवर चढताना माझ्या आजीचा पाय घसरला. पडणे अगदी साधे होते. लहान मूल असे पडले असते तर अंग झटकून उठून पळाले असते. आजीचे मात्र खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात डॉक्टरांनी तपासणी करता करता विचारले, “आजी रोज काय जेवतात?” आम्ही घरची पाच माणसे तेथे उभी होतो, एकालाही उत्तर देता आले नाही. कारण आजी सर्वांची जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरात एकटीच जेवत असे. कोणी आग्रह केलाच तर म्हणे, “म्हाका आतां कितें जाय गे बाय? पेज पुरो.” आम्हांला त्यात तिचा संयम दिसला, तिच्या शरीराची उपासमार दिसली नाही. शस्त्रक्रिया झाली, परंतु आजी पुन्हा काठीवाचून चालली नाही, आणि त्या वर्षीची माटोळी तिच्या हातांवाचून बांधावी लागली.

हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, असा आपला समज असतो. वास्तविक हाड जिवंत आहे. जुना भाग झिजणे आणि नवा भरणे, हे काम त्यात अहोरात्र चालू असते. शरीरातील कॅल्शियमपैकी सुमारे ९९ टक्के हाडांत व दातांत साठविलेले असते. रक्ताला ते कमी पडले की शरीर हाडांच्या कोठारातून उचल करते. तारुण्यात ही उचल भरून निघते. पुढे झीज वाढते व भरणी मागे पडते. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही झीज विशेष वेगाने होते. यालाच वैद्यकशास्त्रात ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत बहुधा काहीच दुखत नाही, म्हणूनच हा विकार अधिक घातक.

आता पेजेचा हिशेब पाहू. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. पेजेसोबत लोणचे किंवा खारे घेतले, तर मिठाच्या अतिरेकाने कॅल्शियम लघवीवाटे अधिकच वाहून जाते. प्रथिनांचेही तसेच. वृद्धांचे स्नायू वेगाने क्षीण होतात, म्हणून त्यांना वजनाच्या दर किलोमागे निदान १ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे वयोमानाने भूक कमी झाली, तरी हाडामांसाची गरज कमी होत नाही. घास थोडे झाले, म्हणून प्रत्येक घास अधिक कसदार हवा. आपण नेमके उलट करतो.

कोणी म्हणेल, हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत. मला ते मान्य नाही. एकेकाळी गोव्याच्या डोंगरउतारांवर कुमेरी शेतीत नाचणी पिकत असे आणि ती घरोघर खाल्ली जाई. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ती मोड आणून किंवा आंबवून घेतली म्हणजे शरीराला अधिक उपयोगी पडते. आंबील आणि तिझन हे आपल्या आजीच्याच हातचे पदार्थ. आपण त्यांना गरिबाघरचे अन्न म्हणून दूर सारले. तारल्यांसारखी स्वस्त मासळी आणि काट्यांसकट चावून खाता येणारी बारीक मासळी प्रथिने व कॅल्शियम दोन्ही देते. मासळी न खाणाऱ्या घरी कुळीथ, मूग, ताक, दूध आणि तीळ आहेत. पेलाभर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पेज सोडा, असे मी म्हणत नाही. पेजेला सोबत द्या, एवढेच म्हणते.

अर्थात केवळ आहाराने सर्व काही साधेल, असेही नव्हे. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे. ते मुख्यत्वे त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून तयार होते, आणि वयाबरोबर त्वचेची ती शक्ती उणावते. पडवीच्या सावलीत बसून राहणाऱ्या आजोबांना थोडा वेळ उन्हात फिरवून आणणे, हेही औषधच आहे. गुडघ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तेथे वाढलेले वजन छळते. एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणून लाडाने गोडधोड व तळलेले पदार्थ वाढणे हीही सेवा नव्हे. ज्यांना मूत्रपिंडाचा वा अन्य विकार आहे, त्यांच्या आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे हे उत्तम.

मागे मी वर्गातील मुलांना, घरातील वृद्ध माणसे आठवडाभर काय जेवतात, ते टिपून आणण्यास सांगितले होते. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिले: “आजी सर्वांच्या शेवटी जेवते, त्यामुळे मला दिसले नाही.” ते वाक्य वाचून मी चपापले. कारण त्याच रात्री, सर्वांना वाढून झाल्यावर, पातेल्यात उरले ते मीही उभ्या उभ्याच खाल्ले होते. मी आज पस्तिशीची आहे. आजीची सवय माझ्या आईकडे आणि आईची माझ्याकडे केव्हा आली, हे मला कळलेही नाही. आमच्या घरी आता सर्वजण एकत्र जेवावयास बसतात. सुरुवातीला आजीला ते अवघड वाटले. पुढे तीच आम्हांला हाका मारू लागली.

मुलांनो, आणि विशेषतः मुलींनो, हा विषय केवळ म्हाताऱ्यांचा नाही. हाडांची बहुतेक सारी पुंजी विशीपर्यंतच जमते. पुढे आयुष्यभर आपण त्या साठ्यावर जगतो. तुम्ही मैदानावर उन्हात खेळता, नाचणीची भाकरी किंवा दूध नाकारीत नाही, तेव्हा तुम्ही आपल्या सत्तरीची तरतूद करीत असता.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करा. रात्री आजीला आपल्या शेजारी बसवा, तिच्या ताटात काय आहे ते पाहा, आणि काही उणे असेल तर आपल्या ताटातले तिला वाढा. “म्हाका कितें जाय” असे ती म्हणेलच. तिचे ते म्हणणे मात्र ऐकू नका.