लाल दिव्याआधी जाळी बघा

स्पिरुलिनाच्या टाकीवर लाल एलईडी लावावेत का? बालाघाटाच्या पठारावर, वाशीसारख्या भागात, जिथे पावसाची वाट बघावी लागते पण उन्हाची कधीच नाही, तिथे उघड्या टाकीसाठी आमचं उत्तर स्पष्ट आहे: नकोत.

प्रश्नामागचं शास्त्र मात्र खरं आहे. स्पिरुलिनातलं हरितद्रव्य निळा आणि लाल दोन्ही प्रकाश शोषतं. पण या नीलहरित जिवात त्याचा मोठा वाटा पहिल्या प्रकाशप्रणालीत असतो. पाण्याचं विघटन करणारी दुसरी प्रणाली मुख्यतः फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याच्या जिवावर चालते, आणि ते ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-लाल प्रकाश टिपतं. म्हणून निव्वळ निळ्या दिव्याखाली स्पिरुलिना रेंगाळते, लालखाली जोमाने वाढते. हिमॅटोकॉकस या शेवाळात मात्र निळा प्रकाश अ‍ॅस्टॅक्झँथिन हे लाल रंगद्रव्य वाढवायला मदत करतो. एकाचा दिवा दुसऱ्याला चालेलच असं नाही.

लोणारच्या अल्कधर्मी सरोवरात हीच स्पिरुलिना नुसत्या उन्हावर पोसली आहे. उघड्या टाकीला रंगाची उणीव नसते. एप्रिल-मेच्या दुपारी उलट वरच्या थरातल्या पेशी प्रखर उन्हाने मार खातात, आणि दाट टाकीत काही सेंटिमीटर खाली लाल-निळा प्रकाश जेमतेम पोचतो. तिथे दिव्यापेक्षा ढवळणी कामाची. सावलीसाठी आपण रोपवाटिकेतली हिरवी जाळी ताणतो (स्वस्त मिळते, मान्य). तिच्या भोकांतून ऊन जसंच्या तसं येतं, पण धाग्यांतून गाळून येतो तो हिरवा प्रकाश, जो स्पिरुलिना कमी शोषते. फरक थोडाच पडेल, तरी पुढच्या वेळी पांढरी जाळी घ्या.

रंगीत दिव्याची जागा खोलीत, मदर कल्चरच्या बाटल्यांपाशी. तिथेही मोबाइलवरच्या लक्सच्या आकड्याने लाल आणि निळा दिवा ताडून पाहू नका. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा सर्वांत उजळ दिसतो. पेशी मोजतात प्रकाशकण. त्यासाठी मायक्रोमोल दाखवणारा मीटर लागतो. तो महाग वाटला, तर एकाच बियाण्याच्या दोन बाटल्या, एक लाल आणि एक पांढऱ्या दिव्याखाली, बाकी सगळं सारखं ठेवून आठवडाभर वाढवा. सुकं वजन आणि वीजबिल दोन्ही शेजारी मांडा, मग दुकानात जा.