छपरावरची फळी

१/३
अमेरिकेतील जुन्या बंद मालडब्यांच्या छपरावर मधोमध एक अरुंद फळी असे. धावत्या गाडीत, पावसात, बर्फात तिच्यावरून चालत ब्रेकमन एकेका डब्याचा हातब्रेक आवळीत. कित्येक जण पडून मेले.

२/३
१८९३च्या कायद्याने गाड्यांना यांत्रिक ब्रेक सक्तीचे झाले. तरी नव्या डब्यांवरून फळी हटण्यास १९६६ उजाडावे लागले!

३/३
म्हणूनच १:८७ प्रमाणाच्या किटवर १९८०च्या काळचा रंग नि क्रमांक चढवून फळी तशीच ठेवणे ही क्षुल्लक चूक नव्हे. जुना डबा असेल तर फळी काढावी, शिड्या आखूड कराव्यात. तिचे आधार मात्र खरवडू नयेत. खऱ्या डब्यांवरही ते पुष्कळदा तसेच राहिले होते.