नावांचा कारभार सगळ्यांचाच राहू द्या

मराठी विकिपीडियाचा पत्ता डोळ्यांसमोर आणा. तो ‘.ऑर्ग’ने संपतो. आपल्या कितीतरी संस्था-संघटनांचे पत्तेही तसेच. हे .ऑर्ग २०१९ मध्ये विकायला निघालं होतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्याची नोंदवही सांभाळणारी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था एथॉस कॅपिटल या नवख्या गुंतवणूक कंपनीच्या हाती जाणार होती. सौदा ११३ कोटी ५० लाख डॉलरचा. काही महिने आधीच, जूनअखेरीस, इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने .ऑर्गच्या दरवाढीवरची मर्यादा उठवली होती. त्या प्रस्तावावर तीन हजारांहून जास्त अभिप्राय आले होते, बहुतेक सगळे विरोधात. आयकॅनने ते मानले नाहीत.

पण लोक गप्प बसले नाहीत. संस्थांनी पत्रांवर सह्या केल्या. जानेवारीत लॉस एंजेलिसला आयकॅनच्या दारात निदर्शनं झाली. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी विरोधाचं पत्र धाडलं. ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनच्या संचालक मंडळाने परवानगी नाकारली. .ऑर्ग वाचलं, ते लोक उभे राहिले म्हणून.

पत्त्यांच्या शेवटी येणाऱ्या ‘.ऑर्ग’सारख्या जगातल्या सगळ्या डोमेन नावांची मूळ यादी म्हणजे इंटरनेटचा सातबाराच. तो कुणा एकाच्या दप्तरात गेला, की पुढचं सांगायला नको. २०१६ पर्यंत या यादीवर अमेरिकी सरकारची देखरेख होती. १ ऑक्टोबर २०१६ ला ती संपली. आता आयकॅनमध्ये कंपन्या, अभियंते, सरकारं आणि तुमच्या-माझ्यासारखे वापरकर्ते मिळून नियम ठरवतात. काम संथ चालतं, वाद फार होतात. तरीही हाच मार्ग बरा, असं मला ठाम वाटतं.

या यादीवर शिक्कामोर्तब करणारी डिजिटल किल्ली अमेरिकेत दोन ठिकाणी ठेवलेली आहे. वर्षातून साधारण चार वेळा, वेगवेगळ्या देशांतून निवडलेल्या साक्षीदारांसमोर तिजोरी उघडतात. मोहोरबंद पिशव्यांवरचे क्रमांक मोठ्याने वाचतात. हे सगळं थेट प्रक्षेपित होतं. घरबसल्या कुणीही पाहावं. इतका उघडा कारभार आपण हातचा घालवायचा का?

ओढाताण दोन्हीकडून आहे. एकीकडे पैसा, दुसरीकडे सरकारं. २०११ मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत इंटरनेटच्या कारभारासाठी ५० देशांच्या सरकारांची समिती सुचवली होती. २०१५ मध्ये आपण सर्वांच्या सहभागाच्या बाजूने आलो, हे चांगलं झालं. २०२२ मध्ये हल्ल्याखाली होरपळणाऱ्या युक्रेनने रशियाचं ‘.आरयू’ बंद करा, अशी विनंती केली. वेदना खरी होती. तरी आयकॅनने नकार दिला, आणि तो योग्यच होता. आज एका देशाचं नाव पुसता आलं, तर उद्या कुणाचंही पुसता येईल. सरकारांना आवाज हवाच. किल्ली मात्र नको.

आणि आपली भाषा? मूळ यादीत देवनागरीला कसं बसवायचं, याचे नियम ठरत होते तेव्हा कऱ्हाडमधल्या ‘ऱ’चाही विचार करावा लागला. हिंदीला त्याची गरज नाही; मराठीला आहे. टेबलाशी जाणकार होते, म्हणून त्याला जागा मिळाली. ‘.भारत’खाली देवनागरी पत्ता २०१४ पासून घेता येतो. पण कितीतरी ऑनलाइन फॉर्म असा ई-मेल पत्ता अजून स्वीकारत नाहीत. तिथे तक्रार करायला मराठी माणूसच हवा.

आपल्याला खूप काही करता येईल. आयकॅनच्या प्रस्तावांवर कुणालाही अभिप्राय देता येतो, फी लागत नाही. सामान्य वापरकर्त्यांसाठी ‘ॲट-लार्ज’ हा मंच आहे. अभियांत्रिकीच्या, कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, आयकॅनच्या फेलोशिपसाठी अर्ज करा. निवड झाल्यास प्रवासखर्च मिळतो. शिक्षकांनो, हा विषय वर्गात काढा. ‘हे तांत्रिक आहे, आपलं काम नाही’ एवढं एक वाक्य मात्र आपण सोडून देऊ या.

सुरुवात आपापल्या संस्थेच्या, मंडळाच्या पुढच्या बैठकीतच होऊ शकते. विषयपत्रिकेवर दोन मुद्दे घ्या: आपलं डोमेन संस्थेच्या नावावर आहे की वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या? आणि आयकॅनच्या पुढच्या प्रस्तावावर आपल्यातर्फे अभिप्राय कोण लिहिणार? त्या माणसाचं नाव इतिवृत्तात नोंदवूनच बैठक संपवा.