सखूचे जाते आणि हंसाबाईंची मिळकत

दरवर्षी ५ नोव्हेंबरला आम्हा सांगलीकरांच्या अभिमानास भरती येते. १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी येथे 'सीतास्वयंवर' रंगविले, म्हणून आमचे गाव नाट्यपंढरी. हा अभिमान अस्थानी आहे असे कोण म्हणेल? परंतु या पंढरीत स्त्रीला प्रवेश नव्हता. सीतेचे सोंगही पुरुषानेच घ्यावयाचे. पुढे काळ पालटला, स्त्रिया रंगभूमीवर आणि पडद्यावर आल्या, आणि आम्ही त्यांस टाळ्याही दिल्या. मात्र टाळी देणारा हात माजघराचे दार लावून घेण्यासही तितकाच तत्पर राहिला.

याचा प्रत्यय मध्यंतरी आला. एका विद्वान स्नेह्यांच्या घरी हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचा विषय निघाला. "असली पुस्तके मुलींच्या हाती पडू नयेत," ते म्हणाले. "झाकून ठेवावयाचे ते चव्हाट्यावर मांडण्यात कसली आली थोरवी?" याच गृहस्थांनी घटकाभरापूर्वी 'संत सखू'ची तोंड भरून स्तुती केली होती. 'प्रभात'च्या १९४१ सालच्या त्या चित्रपटातील सखू म्हणजे याच हंसाबाई, हे त्यांस ठाऊक नव्हते असे नाही.

असे काय आहे या पुस्तकात? हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. घरची ओढाताण म्हणून शाळा सुटली. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटात त्या चमकल्या, तेव्हा वय अवघे तेरा. त्यांचे बालपण सरले ते मुलगी मोठी झाली म्हणून नव्हे, घराला मिळकत हवी होती म्हणून. चारचौघींसारखा संसार करावा ही त्यांची ओढ होती. परंतु लग्नानंतरही पतीला गृहिणीपेक्षा मिळवती नटीच हवी होती, असे त्या सांगतात. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि ज्याचे नाव त्यांनी आत्मकथनास दिले तो 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटांनी कीर्ती कळसास पोहोचली. घर मात्र हाती लागले नाही. मद्याचे व्यसन, घर सोडून जाणे, फसवणूक, यांपैकी काहीच त्यांनी लपविले नाही, आणि स्वतःचा बचावही मांडला नाही.

हे वाचून आम्ही विचारतो, 'बाईने असे का वागावे?' तिच्या मिळकतीवर कोण जेवत होते, हा प्रश्न आम्हास का सुचत नाही? दोष बाईच्या खाती आणि पैसा घराच्या खाती, अशी ही आमची जमाखर्चाची वही आहे. नटीचे आत्मचरित्र कबुलीजबाब म्हणून वाचणे सोयीचे असते, कारण मग आरोपी एकच उरतो. तेच साक्ष म्हणून वाचले, तर पिंजऱ्यात कुटुंब उभे राहते. आणि कुटुंब म्हणजे आपणच.

कोणी म्हणेल, दारिद्र्यातही अनेकींनी शील सांभाळले. सांभाळले, आणि त्यांस आमचा नमस्कार असो. परंतु कोवळ्या मुलीच्या खांद्यावर घराचा भार टाकणारांस कोणी शीलाची कसोटी लावल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सखू कऱ्हाडची, म्हणजे सातारा जिल्ह्यातली, आमच्याच कृष्णाकाठची. सासरचा जाच सोसणारी ती सून पंढरीस गेली तेव्हा विठ्ठलाने तिचे रूप घेऊन तिच्या घरचे दळणकांडण केले, ही कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली. पडद्यावर ती सखू उभी करून घरी परतणाऱ्या बाईचे जाते ओढावयास मात्र कोणी आले नाही. सखूसाठी डोळे पुसणारे आम्ही हिच्या नावाने नाक मुरडतो. सखूने मुकाट्याने सोसले. हिने 'सांगत्ये, ऐका' म्हटले, हाच हिचा अपराध.

गोष्ट जुनी झाली म्हणून सोडून देता येत नाही. वाई-सातारा भागात आज चित्रपटांची आणि मालिकांची चित्रीकरणे होत असतात, आणि मुलांना कॅमेऱ्यापुढे उभे करण्याची हौस सुशिक्षित घरांतही शिरली आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बालकलाकाराकडून दिवसास ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ३ तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली. मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत टाकावी, असेही बंधन घातले. म्हणजे रुपयातले वीस पैसे कायद्याने मुलाचे झाले. उरलेले ऐंशी आईबापांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपविले! हंसाबाईंची कहाणी वाचलेल्या माणसाने एवढ्यावर समाधान मानू नये. मुलावरचा खर्च वजा जाता सारी मिळकत मुलाचीच, आणि शाळा बुडवून एकही दिवस काम नाही, असा नियम घरोघर व्हावयास हवा. त्यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

आमच्या स्नेह्यांस एवढेच सांगावयाचे आहे. हे पुस्तक मुलींच्या हाती केव्हा द्यावे, याचा विचार सावकाश करू. आधी ते बापांच्या हाती पडू द्या.